आनंदीबाई जोशी
आनंदीबाई गोपाळराव जोशी (३१ मार्च १८६५, पुणे – २६ फेब्रुवारी १८८७, पुणे) या पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकी एक होत. शिक्षणासाठी त्यांनी कोलकाता ते न्यूयॉर्क असा समुद्रप्रवास केला.

बालपण आणि विवाह
त्यांचे माहेरचे नाव यमुना. त्यांचे घराणे कल्याणचे होते. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणारे गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळरावांनी त्यांच्या शिक्षणाचा आग्रह धरला. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. मात्र योग्य उपचारांअभावी तो दहा दिवसांतच दगावला. या घटनेनंतर त्यांनी डॉक्टर होण्याचे ठरविले.

अमेरिकेचा प्रवास
पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले. त्यानंतर कार्पेंटर व आनंदीबाई यांच्यात पत्रव्यवहार सुरू झाला. स्त्रीने समुद्र ओलांडण्यास समाजाचा विरोध असल्याने फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाईंनी श्रीरामपूर (बंगाल) येथे जाहीर भाषण करून आपली भूमिका मांडली. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या पतीविना कोलकात्याहून निघाल्या आणि इंग्लंडमार्गे ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. या प्रवासास ५८ दिवस लागले. मुंबई–न्यूयॉर्क हे सुमारे १२,५०० किलोमीटरचे हवाई अंतर आज थेट विमानाने साधारण १५ ते १६ तासांत पार होते.

शिक्षण
त्यांनी फिलाडेल्फियातील वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया येथे प्रवेश घेतला. तेथील थंड हवामान व मूळची अशक्त प्रकृती यांमुळे त्यांना क्षयाने ग्रासले. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम. डी. पदवी मिळविली. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

परतीचा प्रवास व मृत्यू
कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक केली होती. ९ ऑक्टोबर १८८६ रोजी त्या गोपाळरावांसह न्यूयॉर्कहून निघाल्या व १६ नोव्हेंबरला मुंबईस पोहोचल्या. या ३८ दिवसांच्या प्रवासात त्यांची प्रकृती अधिकच खालावली. पुण्यात औषधोपचार होऊनही गुण आला नाही. कोल्हापूरचे पद स्वीकारण्यापूर्वीच, वयाच्या बाविसाव्या वर्षात, त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत त्यांचे स्मृतिस्थळ आहे.

स्मृती
काशीबाई कानिटकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी त्यांच्या जीवनावर आधारित आहे. शुक्र ग्रहावरील एका विवरास त्यांचे नाव देण्यात आले आहे.