कान्होजी आंग्रे : मुद्रेत कोरलेली निष्ठा

मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांना इंग्रज आणि पोर्तुगीज चाचे म्हणत. कान्होजींच्या पत्रांवर उमटलेली मुद्रा मात्र निराळी साक्ष देते. छत्रपती शाहू महाराजांची प्रीती लाभलेला, तुकोजींचा पुत्र, सरखेल कान्होजी अशी ओळख ती संस्कृतात देते. धनी, पिता आणि पद, सारे एका ओळीत!

मराठी दफ्तरात पत्राच्या आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब उमटवीत. शिक्कामोर्तब हा शब्द तिथलाच. बायझंटाईन साम्राज्यात हेच काम शिशाच्या मुद्रा करीत. तिथली पत्रे बहुतांशी नष्ट झाली, पण शिसे टिकले आणि त्यावरील हुद्द्यांवरून अनेक सेनाधिकाऱ्यांची कारकीर्द जुळवता आली. कान्होजींची मुद्राही तशीच वाचायला हवी.

कान्होजींचे वडील तुकोजी सुवर्णदुर्गावर चाकरीस होते. सिधोजी गुजर यांच्यानंतर, १६९८ च्या सुमारास, छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत सरखेलपद कान्होजींकडे आले. राजाराम महाराजांच्या पश्चात ते ताराराणींच्या पक्षात राहिले. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तरी कान्होजी बधले नाहीत. उलट १७१३ मध्ये चालून आलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच त्यांनी कैद केले. अखेर बाळाजी विश्वनाथ यांनी बोलणी करून तह घडविला. पिंगळे सुटले, कान्होजी शाहूंचे झाले आणि सरखेलपद कायम राहिले. साहजिकच शाहूंचे नाव असलेली मुद्रा या तहानंतरची ठरते. तारीख नसलेल्या पत्राचा काळ ठरविताना हा धागा मोलाचा आहे.

पद राज्याचे असल्यामुळेच कोकण किनाऱ्यावरील जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, असा कान्होजींचा आग्रह होता. परकीयांना तो मान्य नव्हता. इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ले केले. १७२१ मध्ये त्यांनी पोर्तुगीजांसह कुलाब्याला वेढा घातला. तिन्ही मोहिमा फसल्या.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. त्यांच्यानंतर सेखोजी सरखेल झाले. सेखोजींच्या मृत्यूनंतर भाऊबंदकी माजली. तेव्हा बाजीराव पेशव्यांनी दौलत विभागली. सरखेल हा किताब विजयदुर्गाच्या संभाजींकडे गेला आणि कुलाब्याच्या मानाजींना वजारतमाब हा वेगळा किताब मिळाला.