कायदेमंडळाचे सभासद अब्राहाम लिंकन

अब्राहाम लिंकन हें नांव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेलें आहे. अमेरिकेचे अध्यक्ष व गुलामांचे मुक्तिदाते ह्या नात्यानें त्यांची कीर्ति जगभर झाली. परंतु अध्यक्ष होण्यापूर्वीं पुष्कळ वर्षें ते इलिनॉय नांवाच्या एका प्रांतिक संस्थानाच्या कायदेमंडळांत साधे सभासद होते, व तेथें जाण्यासाठीं त्यांस सहा वेळां लोकांपुढें उभें राहावें लागलें, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. आपल्याकडेही गांवोगांवीं निवडणुका होतात व आपले बंधु त्यांत मत देतात, कांहीं उभेही राहतात. म्हणून ह्या थोर पुरुषाच्या चरित्राचा हा भाग आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

लिंकन ह्यांचा जन्म ता. १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं केंटकी प्रांतांत, ओंडक्यांच्या एका खोलीच्या झोंपडींत झाला. बाप शेतकरी व सुतार होता. १८१६ सालीं तें कुटुंब इंडियाना प्रांतांतील रानांत जाऊन राहिलें. दोन वर्षांनीं आई वारली. विषारी वनस्पति खाल्लेल्या गुरांचें दूध पिऊन होणारा एक रोग त्या भागांत पसरला होता, त्यानेंच तिचा अंत झाला. पुढें आलेल्या सावत्र आईनें मात्र ह्या पोरक्या मुलास पोटच्या मुलाप्रमाणें वाढविलें व त्याच्या वाचनाच्या आवडीस उत्तेजन दिलें. सर्व मिळून एक वर्षसुद्धां त्यांस शाळा लाभली नाहीं. पवित्र शास्त्र, इसापाच्या गोष्टी, आणि आपल्याकडे यात्रिकक्रमण ह्या नांवानें ठाऊक असलेलें बनियनचें पुस्तक, अशा मोजक्या ग्रंथांवर त्यांची बुद्धि पोसली.

१८३१ सालीं ते इलिनॉय प्रांतांतील न्यू सेलम ह्या लहानशा खेड्यांत येऊन एका दुकानांत नोकरीस राहिले. पुढच्याच वर्षीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, त्यांनीं कायदेमंडळासाठीं उभें राहण्याचें ठरविलें. जवळ पैसा नाहीं, घराण्याचें नांव नाहीं, गांवांत येऊन वर्षही झालेलें नाहीं. असा हा उमेदवार! वर्तमानपत्रांत त्यांनीं आपलें निवेदन छापविलें. नदी नावांच्या येण्याजाण्यास योग्य करावी, सावकारीच्या जबर व्याजास कायद्यानें आळा घालावा, आणि शिक्षण सर्वांस मिळावें, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिक्षणाविषयीं त्यांनीं जें लिहिलें तें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. लोकांपुढें ह्याहून महत्त्वाचा विषय नाहीं, असें त्यांचें मत होतें. प्रत्येकास आपल्या देशाचा इतिहास वाचतां यावा व पवित्र शास्त्रही स्वतः वाचतां यावें, असें त्यांनीं त्यांत सुचविलें होतें. शेवटीं, लोकांनीं आपणांस मागें ठेवलें तरी आपणांस निराशेची संवय असल्यामुळें फार वाईट वाटणार नाहीं, असेंही त्यांनीं नम्रपणें कळविलें.

इतक्यांत ब्लॅक हॉक ह्या आदिवासी पुढाऱ्याबरोबर युद्ध सुरू झालें. लिंकन स्वयंसैनिक झाले, व त्यांच्या तुकडीनें त्यांस आपला कप्तान निवडलें. प्रत्यक्ष लढाई त्यांच्या वांट्यास आली नाहीं. परंतु ते घरीं परतले तेव्हां निवडणुकीस फार थोडे दिवस उरले होते. ता. ६ ऑगस्ट १८३२ रोजीं मतें पडलीं. त्या काळीं तेथें चिठ्ठी नव्हती. मतदारानें कारकुनासमोर उभें राहून आपल्या उमेदवारांचीं नांवें सर्वांदेखत मोठ्यानें सांगावयाचीं, अशी रीत होती. कोणी कोणास मत दिलें हें सावकारासही कळे व शेजाऱ्यासही कळे. त्या जिल्ह्यांतून चार जागा होत्या व तेरा उमेदवार होते. लिंकन ह्यांस ६५७ मतें मिळून ते आठवे आले, म्हणजे हरले. परंतु त्यांच्या स्वतःच्या गांवच्या केंद्रांत ३०० पैकीं २७७ मतें त्यांस पडलीं होतीं. जे त्यांस ओळखत होते त्यांचा भरंवसा त्यांच्यावर बसला होता. बाकीच्यांस ते अद्यापि ठाऊक नव्हते, एवढेंच. निवडून आलेल्या चौघांत पीटर कार्टराइट नांवाचे एक मेथॉडिस्ट उपदेशक होते. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. तें पुढें पुन्हां येणार आहे.

पराभवानंतर लिंकन ह्यांनीं भागीदारींत दुकान घातलें. दुकान बुडालें, भागीदार मरण पावला, आणि सुमारे १,१०० डॉलरचें कर्ज त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर आलें. त्या प्रांतीं असे कर्जबाजारी लोक रातोरात गांव सोडून जात. लिंकन गेले नाहींत. सावकारानें त्यांचा घोडा व जमीन मोजण्याचीं हत्यारें लिलावास काढलीं, तेव्हां एका शेजाऱ्यानें तीं विकत घेऊन त्यांचीं त्यांस परत दिलीं. कर्ज मात्र भागीदाराच्या हिश्शासुद्धां त्यांनीं अनेक वर्षें थोडें थोडें करून फेडलें. पोटासाठीं त्यांनीं १८३३ पासून गांवचें टपाल संभाळलें, आणि पुस्तकावरून शिकून जमिनीच्या मोजणीचें काम पतकरलें. ह्या कामामुळें ते शेतोशेत हिंडले, व जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस त्यांची ओळख झाली.

ह्याचें फळ १८३४ सालीं दिसलें. पुन्हां तेरा उमेदवार, पुन्हां चार जागा. ह्या वेळीं लिंकन ह्यांस १,३७६ मतें पडलीं व ते दुसरे आले. राजधानी तेव्हां व्हॅन्डेलिया येथें होती. तेथें जाण्यास बरे कपडे नव्हते, म्हणून एका ओळखीच्या शेतकऱ्यापासून २०० डॉलर उसने घेऊन त्यांनीं पोशाख शिवविला. पहिल्या अधिवेशनांत ते बोलले थोडें व शिकले फार. जॉन स्टुअर्ट ह्या सहकाऱ्यानें त्यांस कायद्याचीं पुस्तकें वाचावयास दिलीं. शिक्षकावांचून अभ्यास करून १८३६ सालीं त्यांनीं वकिलीची सनद मिळविली.

१८३६ च्या निवडणुकींत १७ उमेदवारांमध्यें १,७१६ मतें मिळवून ते पहिले आले. त्या जिल्ह्याचे दोन्ही सभागृहांतील नऊ सभासद सरासरी सहा फूट उंच होते, म्हणून लोक त्यांस लांब नऊ म्हणत. ह्या नऊ जणांनीं खटपट करून राजधानी आपल्या जिल्ह्यांतील स्प्रिंगफील्ड शहरीं आणण्याचा ठराव १८३७ च्या फेब्रुवारींत पास करून घेतला. त्यासाठीं त्यांनीं मतांची देवघेव केली, असा आरोप विरोधकांनीं केला. त्याच अधिवेशनांत आगगाड्या, कालवे व रस्ते ह्यांसाठीं सुमारे एक कोटि डॉलर कर्ज काढण्याचा कायदा झाला, व लिंकन त्याचे मोठे पुरस्कर्ते होते. त्याच वर्षीं देशभर व्यापार बसला. रूळ व कालवे बहुतेक अर्धवट राहिले, आणि इलिनॉयच्या रयतेवर कर्जाचा डोंगर उभा राहिला. थोर माणसाच्या हातूनही उत्साहाच्या भरांत चूक होते, व ती चूक गरिबांस भोगावी लागते. हें आम्ही झांकून ठेवूं इच्छीत नाहीं.

परंतु त्याच अधिवेशनांत दुसरी एक गोष्ट घडली, व तिच्यासाठींच आम्ही हें चरित्र मुख्यत्वेंकरून सांगत आहों. गुलामगिरी बंद करावी अशी चळवळ त्या वेळीं उत्तरेकडे सुरू झाली होती. दक्षिणेच्या संस्थानांस खूष करण्यासाठीं इलिनॉयच्या कायदेमंडळानें त्या चळवळीचा निषेध करणारे व गुलाम बाळगण्याचा हक्क पवित्र मानणारे ठराव जानेवारी १८३७ मध्यें पास केले. खालच्या सभागृहांत बाजूनें ७७ मतें पडलीं, विरुद्ध अवघीं ६. त्या सहांत लिंकन होते. पुढें ता. ३ मार्च रोजीं त्यांनीं व डॅन स्टोन ह्या सभासदांनीं आपला लेखी निषेध सभेच्या दप्तरांत नोंदविला. गुलामगिरीचा पाया अन्यायावर व वाईट धोरणावर आहे, असें त्यांत स्पष्ट म्हटलें होतें. ह्या कागदावर तिसऱ्या कोणाचीही सही मिळाली नाहीं.

हा निषेध आज वाचला तर सौम्य वाटतो. चळवळ्यांच्या प्रचारानें गुलामांचे हाल कमी न होतां वाढतात, असेंही त्यांत लिहिलें होतें. शिवाय राजधानीचा प्रश्न मनाप्रमाणें सुटल्यावरच तो नोंदविला गेला. तथापि त्या प्रांताची हवा कशी होती हें ध्यानांत आणलें पाहिजे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत इलिनॉयमधील ऑल्टन गांवीं एलायजा लव्हजॉय ह्या प्रेस्बिटेरियन पाळकास जमावानें गोळ्या घालून ठार मारिलें. गुलामगिरीविरुद्ध वर्तमानपत्र छापणें हाच त्यांचा अपराध! अशा ठिकाणीं, ज्याचें पोट व पद दोन्ही लोकांच्या मर्जीवर अवलंबून आहे अशा अठ्ठावीस वर्षांच्या तरुणानें आपलें नांव त्या कागदाखालीं लिहिलें.

लोकांनीं त्यांस त्यासाठीं टाकून दिलें नाहीं. १८३८ सालीं १,८०३ मतें मिळवून ते पुन्हां पहिले आले. सभापतिपदासाठीं मात्र त्यांची निवड झाली नाहीं. १८४० सालीं त्यांस १,८४४ मतें पडलीं. मतें वाढलीं खरीं, परंतु निवडून आलेल्या पांचांत ते शेवटचे होते. त्या अधिवेशनांत एक हास्यास्पद प्रसंग घडला. सभेस आवश्यक तेवढी संख्या भरूं नये म्हणून लिंकन व त्यांचे एकदोन सोबती खिडकींतून उड्या टाकून बाहेर पडले. परंतु त्यांची हजेरी आधींच लागली होती! विरोधकांनीं त्यांच्या लांब पायांची पुष्कळ थट्टा केली, व पुढें त्यांसही ह्या उडीची आठवण रुचत नसे. १८४१ नंतर त्यांनीं कायदेमंडळ सोडलें व वकिलीकडे लक्ष दिलें.

१८४६ सालीं ते देशाच्या लोकसभेसाठीं उभे राहिले, तेव्हां त्यांचे प्रतिस्पर्धी कोण होते? चौदा वर्षांपूर्वीं ज्यांनीं त्यांस मागें टाकिलें ते पीटर कार्टराइट! लिंकन धर्माची थट्टा करतात, असें प्रतिपक्षानें पसरविलें. लिंकन ह्यांनीं हस्तपत्रक काढून उत्तर दिलें. आपण कोणत्याही मंडळीचे सभासद नाहीं हें त्यांनीं मतांसाठीं लपविलें नाहीं. परंतु पवित्र शास्त्राची सत्यता आपण कधीं नाकारली नाहीं व धर्माविषयीं बुद्ध्या अनादरानें बोललों नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. त्या धार्मिक जिल्ह्यांत मंडळींत नांव घालून घेणें सोपें होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. त्यांस ६,३४० मतें पडलीं व उपदेशकांस ४,८२९. मत मिळविण्यासाठीं धर्माचें सोंग घेणारे व धर्माच्या नांवानें दुसऱ्यास पाडूं पाहणारे, दोघांनींही ह्यांतून बोध घ्यावा.

एक मुदत संपल्यावर ते पुन्हां वकिलीकडे वळले. १८५४ सालीं गुलामगिरीस नव्या मुलुखांत वाट मोकळी करणारा कायदा झाला, तेव्हां ते खवळून उठले. त्याच वर्षीं ते इलिनॉयच्या कायदेमंडळावर पांचव्यांदां निवडून आले. परंतु देशाच्या सेनेटांत जाण्याची इच्छा असल्यामुळें त्यांनीं ती जागा लगेच सोडली, आणि पोटनिवडणुकींत ती प्रतिपक्षाच्या हातीं गेली! सेनेटाचे सभासद तेव्हां कायदेमंडळ निवडीत असे. फेब्रुवारी १८५५ मध्यें लिंकन पहिल्या फेरींत सर्वांच्या पुढें होते, परंतु बहुमत मिळेना. प्रतिपक्षाचा मनुष्य निवडून येईल असें दिसतांच त्यांनीं आपलीं मतें लायमन ट्रम्बुल ह्यांस देवविलीं. ट्रम्बुल ह्यांचीं आरंभीं केवळ पांच मतें होतीं, परंतु गुलामगिरीच्या प्रसारास त्यांचा विरोध होता. आपण पडलों तरी चालेल, कार्य पडूं नये, हा विचार त्यांत होता. १८५८ च्या निवडणुकीनंतर कायदेमंडळानें पुन्हां त्यांस नाकारलें व ५४ विरुद्ध ४६ मतांनीं डग्लस ह्यांस सेनेटांत पाठविलें. दोनच वर्षांनीं, १८६० सालीं, तोच दोनदां हरलेला मनुष्य देशाचा अध्यक्ष झाला.

पुढील यादवी युद्धाची व १८६३ च्या मुक्तिपत्राची हकीकत वाचकांस ठाऊक आहे. ता. ३१ जानेवारी १८६५ रोजीं सर्व देशांतील गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती लोकसभेंत ११९ विरुद्ध ५६ मतांनीं पास झाली. ती संस्थानांकडे मंजुरीसाठीं जावयाची होती. दुसऱ्याच दिवशीं सर्वांच्या आधीं मंजुरी कोणी दिली? इलिनॉयच्या कायदेमंडळानें! ज्या मंडळांत अठ्ठावीस वर्षांपूर्वीं ७७ विरुद्ध ६ मतें पडलीं होतीं, त्याच मंडळानें, लिंकन ह्यांनीं खटपट करून आणलेल्या राजधानींत, गुलामगिरीच्या नाशास पहिली संमति दिली.

अडीच महिन्यांनीं, ता. १४ एप्रिल रोजीं, उत्तम शुक्रवारच्या रात्रीं, लिंकन ह्यांच्यावर गोळी झाडली गेली, व दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं प्राण सोडला. मे महिन्याच्या आरंभीं त्यांचा देह स्प्रिंगफील्ड येथें आणून कायदेमंडळाच्या सभागृहांतच दर्शनासाठीं ठेवण्यांत आला. हजारों लोक रात्रंदिवस त्यांच्यापुढून गेले.

ह्या मुक्तीचा ध्वनि आपल्या महाराष्ट्रापर्यंतही आला. १८७३ सालीं जोतीराव फुले ह्यांनीं आपलें गुलामगिरी हें पुस्तक, निग्रो गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें.

वाचकहो, लिंकन ह्यांच्या निवडणुकांचे आंकडे आम्हीं मुद्दाम दिले. त्यांत जय आहेत, पराजय आहेत, चुकाही आहेत. परंतु सर्वांत लहान आंकडा सहा हाच आहे, आणि लिंकन ह्यांस आज जग ज्या कार्यासाठीं ओळखतें, त्याचा आरंभ त्या सहा मतांत होता. आपल्या गांवच्या पंचायतींत किंवा मंडळीच्या सभेंत न्यायाच्या बाजूनें आपण एकटे दुकटेच हात वर करीत आहों असें दिसलें, तर तो हात खालीं घेऊं नये, एवढीच आमची विनंति आहे.