फ्रेडरिक डग्लस

१८९५ सालीं वॉशिंग्टन येथें वारलेले फ्रेडरिक डग्लस ह्यांचा जन्म अमेरिकेच्या मेरीलंड प्रांतांत एका गुलाम स्त्रीच्या पोटीं झाला. कोणत्या दिवशीं, हें त्यांस ठाऊक नव्हतें. गुलाम लोक पेरणी-कापणीच्या हंगामावरून मुलांचें वय सांगत. आमच्या वाचकांच्या आजोबांची गोष्टही फारशी निराळी नव्हती.

आईला बारा मैलांवरील शेतावर कामास लाविलें होतें. दिवसभर राबून ती रात्रीं पायीं येई, बाळास कुशींत घेऊन निजवी, आणि सूर्योदयापूर्वीं परत शेतावर हजर राही. उशीर झाल्यास फटके. अशा भेटी चार-पांचच झाल्या. मूल सातएक वर्षांचें असतां ती वारली, व तिच्या पुरण्यासही त्यास जाऊं दिलें नाहीं.

मुलांस जोडा नाहीं, विजार नाहीं. वर्षाला जाड्याभरड्या कापडाचे दोन सदरे, ते फाटले कीं उघडें राहावयाचें. हिंवाळ्यांत फ्रेडरिक धान्याचें पोतें चोरून त्यांत डोकें घालून निजे. पाय बाहेर राहून थंडीनें भेगाळत. मक्याची लापशी लांकडी डोणींत ओतीत, आणि मुलें तीवर डुकरांप्रमाणें तुटून पडत. जो भरभर खाई तो जास्त खाई.

बाल्टिमोर शहरीं एका धनिणीनें त्यास मुळाक्षरें शिकविलीं. शिकलेला गुलाम हाताबाहेर जातो म्हणून तिच्या नवऱ्यानें तें बंद पाडिलें. मग ह्या पोरानें रस्त्यावरील गरीब गोऱ्या मुलांस पाव देऊन त्यांच्याकडून धडे घेतले.

पुढें तो टॉमस ऑल्ड नांवाच्या धन्याकडे आला. ऑल्डनें पुढें एका धर्मसभेंत ख्रिस्ताचा स्वीकार केला. आतां तो दया करील अशी आशा होती. परंतु त्याची क्रूरता वाढलीच. गुलामांस पवित्र शास्त्र वाचावयास शिकविणारी शब्बाथ शाळा मंडळीच्याच पुढाऱ्यांनीं काठ्या घेऊन येऊन मोडिली. हें लिहितांना आम्हांस लाज वाटते, पण तें झांकणें बरें नव्हे.

३ सप्टेंबर १८३८ रोजीं डग्लस खलाशाच्या वेषांत आगगाडीनें पळाले. १८४५ सालीं त्यांनीं आपली हकीगत छापिली, आणि पकडले जाण्याच्या भीतीनें त्यांस विलायत गांठावी लागली. तेथील मित्रांनीं १८४६ सालीं १५० पौंड भरून त्यांची सुटका विकत घेतली. परत येऊन त्यांनीं वर्तमानपत्र काढिलें. गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें बंद झाली.

१८७७ सालीं म्हातारा ऑल्ड आजारी असतां डग्लस त्याच्या बिछान्यापाशीं गेले. ऑल्डच्या डोळ्यांत पाणी आलें, आणि डग्लसांचा कंठ दाटून आला. मग डग्लसांनीं त्यास आपलें वय विचारिलें. त्यानें आठवून फेब्रुवारी १८१८ असें सांगितलें.