डॉर्नकलचे बिशप अझरय्या : गावातलाच धर्मगुरू, गावच्याच धान्यावर

काझीपेठ ते विजयवाडा या रेल्वेमार्गावर डॉर्नकल नावाचे जंक्शन आहे. आज ते तेलंगणात, महबूबाबाद जिल्ह्यात येते. १९४८ पर्यंत हा मुलूख आणि मराठवाडा एकाच निजामाच्या राज्यात होता. तिकडेही पाटील-पटवारी होते, देशमुख होते आणि गरिबाच्या मानगुटीवर बसलेली वेठबिगारही होती. या गावात एक मोठी दगडी इमारत आहे. तिला मशिदीसारखे घुमट आणि मिनार आहेत, देवळासारखे कोरीव खांब आहेत, खांबांवर कमळे आहेत. पण ते आहे चर्च. ६ जानेवारी १९३९ रोजी ते उपासनेसाठी खुले झाले. ज्यांच्या कारकिर्दीत ते उभे राहिले, ते वेदनायगम सॅम्युएल अझरय्या. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले ते पहिले भारतीय बिशप.

तुम्ही म्हणाल, शेतीच्या पानावर बिशपांचे काय काम? काम आहे. गावात एखादी संस्था बाहेरच्या माणसाने, बाहेरच्या पैशाने सुरू केली, तर तो माणूस गेल्यावर ती टिकते का? शाळा असो, सोसायटी असो की देवस्थान, हा प्रश्न तुमच्या-आमच्या रोजच्या अनुभवातला आहे. अझरय्यांची उमर याच प्रश्नात गेली.

खेड्यातला मुलगा

अझरय्यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ चा. गाव वेल्लालनविलै, जिल्हा तिरुनेलवेली, म्हणजे तमिळनाडूचे अगदी दक्षिणेचे टोक. समाज नाडर. वडील थॉमस वेदनायगम हे खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. मुलगा पंधरा वर्षांचा असताना वडील गेले. पुढचे शिक्षण मिशनच्या शाळांत आणि मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात झाले, पण पदवी काही पदरात पडली नाही. १८९५ मध्ये ते तरुणांत काम करणाऱ्या वाय. एम. सी. ए. संस्थेत नोकरीला लागले आणि दक्षिणेतली गावे पालथी घातली. १८९८ मध्ये अन्बू मरियम्माळ यांच्याशी लग्न झाले. हुंडा घेतला नाही. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

फिरता फिरता त्यांना एक गोष्ट खटकत गेली. मिशन गोऱ्यांचे, पैसा गोऱ्यांचा, निर्णयही गोऱ्यांचा. आपली माणसे नुसती हाताखाली. मग १९०३ साली तिरुनेलवेलीत त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एक संस्था काढली. माणसे आपली, पैसा आपला आणि कारभारही आपलाच, असा तिचा नियम. १९०५ मध्ये देशपातळीवर तशीच दुसरी संस्था निघाली, तिचेही अझरय्या चिटणीस झाले. तिरुनेलवेलीच्या संस्थेने कामासाठी निवडलेला भाग होता निजामाच्या राज्यातले डॉर्नकल. तिथली भाषा तेलुगू, आणि ही माणसे तमिळ. म्हणजे तिथे तीही परकीच.

पस्तिसाव्या वर्षी दीक्षा

दुसऱ्यांना जा म्हणायचे आणि आपण मद्रासेत राहायचे, हे अझरय्यांना पटेना. १९०९ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, चांगली नोकरी सोडून त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली. मद्रासचे इंग्रज बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी ती दिली.

इथे ही पद्धत थोडी समजून घ्या. अँग्लिकन पंथात धर्मगुरूपण जन्माने मिळत नाही. आधी मंडळीने माणूस पारखायचा, त्याने शिकायचे, मग बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला दीक्षा देतो. पहिली पायरी डीकनची, म्हणजे सेवकाची. दुसरी पाळकाची. पाळक झाल्यावरच त्याला प्रभुभोजनाचा विधी चालवता येतो. तिसरी पायरी बिशपची. नवे पाळक घडवण्याचा अधिकार फक्त बिशपाला. आता बघा, किल्ली कुठे आहे ते. बिशप परका असला, तर गावचा पाळक कोण व्हावा हेही परकाच ठरवणार.

ही किल्ली आपल्या माणसाच्या हाती द्यावी, असे व्हाइटहेड यांनाच वाटू लागले. विरोध मोठा झाला. गोऱ्यांपैकी अनेकांना काळ्या माणसाच्या हाताखाली काम करणे जड जात होते. आपल्याच लोकांतही कुरबुर होती, आणि तिच्यात जातीचा भाग होता. शेवटी २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये अझरय्या बिशप झाले. त्याआधी दोन वर्षे, १९१० मध्ये, स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या जागतिक परिषदेत त्यांनी गोऱ्या मिशनऱ्यांना भर सभेत ऐकवले होते की तुम्ही कष्ट करता, दान देता, पण बरोबरीची मैत्री देत नाही. सभेत खळबळ उडाली होती. हा माणूस कोणाची हांजी हांजी करणारा नाही, हे तेव्हाच कळून चुकले होते.

शिवेबाहेरच्या वस्तीत

डॉर्नकल भागात ख्रिस्ती होणारे बहुतेक माला आणि मादिगा या दोन समाजांतले होते. दोघेही अस्पृश्य मानलेले, दोघांचीही वस्ती गावाबाहेर. कामाला जमीनदाराचे शेत, मोबदला तुटपुंजा, वर वेठ. आणि दुःख असे की हे दोन समाज एकमेकांचेही पाणी चालवून घेत नसत. अझरय्यांच्या चर्चमध्ये आल्यावर मात्र एकाच पेल्यातून प्रभुभोजन घ्यायचे, एकाच चटईवर बसायचे. यात सवलत नाही. हा भेद एका पिढीत पुसला गेला असे मानू नका. भांडणे होत राहिली. पण नियम ढिला केला नाही.

कामाची घडी अशी होती. एका पाळकाकडे अनेक गावे असत. गावात राहायला एक शिक्षक, तोही बहुधा त्याच समाजातला. दिवसा पोरांची शाळा. माणसे दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणारी, म्हणून मोठ्यांची शिकवणी रात्री, कंदिलाच्या उजेडात. बाप्तिस्मा मागितला की लगेच दिला असे नाही, आधी बरेच दिवस शिकावे लागे. गावातले तंटे, दारू पिऊन घातलेला धिंगाणा, बायकोला केलेली मारहाण यांचा निवाडा मंडळीचे पंच करत. चूक गंभीर असली तर प्रभुभोजन बंद. ही शिक्षा माणसाला फार लागे.

बिशप स्वतः रेल्वेने, सायकलवर, बैलगाडीतून गावोगाव फिरत. अन्बूबाई बायकांत बसून बोलत. गावात गेल्यावर देवाच्या गोष्टीबरोबर घाण, आजार, कर्ज आणि दारू या चार वैऱ्यांची गोष्ट ठरलेली. धर्म घेतला आणि सावकाराकडे अंगठा तसाच देत राहिला, तर काय उपयोग, असा त्यांचा रोख होता. म्हणून धर्मप्रांतात सहकारी पतसंस्था निघाल्या, त्यांच्यावर देखरेखीला तपासनीस नेमले गेले. सोबत दवाखाने आणि शाळाही आल्या.

मूठभर तांदूळ

आता मुख्य मुद्दा. गरिबातल्या गरिबाकडूनही काहीतरी घ्यायचेच, हा अझरय्यांचा आग्रह. दयेपोटी माफी द्यावी असे अनेकांना वाटे. त्यांचे म्हणणे उलटे होते. ज्याच्याकडून काहीच घेतले जात नाही, तो कायमचा मागणाराच राहतो. चूल पेटली की मूठभर तांदूळ मडक्यात बाजूला टाकायचे, अशी चाल दक्षिणेतल्या मंडळ्यांत होती. सुगीच्या उत्सवाला लोक धान्य, भाजी, अंडी, कोंबड्या घेऊन येत आणि वाजतगाजत वाहत. दानाविषयी अझरय्यांनी एक पुस्तकच लिहिले. पुढे डॉर्नकलचे चर्च बांधले तेही वर्षानुवर्षे, पैसा जमेल तसे. ही बांधणी आपल्या मातीतली दिसली पाहिजे, परदेशातून उचलून आणल्यासारखी नको, हे त्यांनी पहिल्यापासून ठरवले होते.

पाळकही वरून आणून बसवायचे नाहीत. गावच्या शिक्षकांतून चांगली माणसे निवडायची, डॉर्नकलला शिकवायची आणि मग दीक्षा द्यायची. शिकायला नवरा एकटा येत नसे, बायको-पोरांसह येई आणि बायकोलाही शिकवले जाई. कारण खेड्यात पाळकाचे निम्मे काम तिच्यावर. १९३५ च्या सुमारास त्यांच्या धर्मप्रांतात अडीचशेच्या आसपास भारतीय पाळक होते, आणि शिक्षक, दवाखान्यातले लोक, सोसायट्यांचे तपासनीस असे मिळून दोन हजारांवर कार्यकर्ते. १९४१ पर्यंत सभासदांची संख्या सुमारे सव्वादोन लाखांवर गेली. जे बाप परक्याच्या बांधावर मान खाली घालून उभे राहत, त्यांची पोरे वेदीपुढे उभी राहून विधी चालवू लागली.

१९३० नंतर एक वेगळीच गोष्ट दिसू लागली. काही गावांत वरच्या मानलेल्या जातींची माणसेही या मंडळीत येऊ लागली. शिवेबाहेरच्या वस्तीतली दारू कमी झाली, पोरे वाचू लागली, हे ती रोज बघत होती.

वाद आणि उणिवा

सगळे गोडच होते असे नाही. १९३५ साली नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि धर्मांतराचा प्रश्न देशभर पेटला. गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिकातून सामुदायिक धर्मांतरांवर टीका केली. गरीब, अडाणी माणसाला आमिषाने धर्म बदलायला लावतात, असा त्यांचा रोख होता. अझरय्यांना हे मान्य नव्हते. दलिताला स्वतःचे बरेवाईट कळत नाही असे धरून चालणे, हाच त्याचा अपमान आहे, असे त्यांचे मत. कोणाचे बरोबर, याचा निवाडा ज्याचा त्याने करावा. पण हेही लक्षात ठेवा की १९३२ मध्ये इंग्रज सरकारने ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ देऊ केले, तेव्हा अझरय्यांनी त्यांना विरोध केला. ख्रिस्ती समाज वेगळा कोंडला जाऊ नये, ही त्यांची भूमिका होती.

त्यांच्या कामात उणिवाही होत्या. प्रार्थनेची पुस्तके आणि बिशपांचे झगे इंग्रजी वळणाचेच राहिले. बाहेरच्या पैशावरचा भार कमी झाला, संपला नाही. आणि त्यांच्या हयातीत दुसरा कोणी भारतीय माणूस पूर्ण धर्मप्रांताचा बिशप झाला नाही. म्हणजे दार उघडले, पण बत्तीस वर्षे त्यातून एकटेच आत राहिले.

१ जानेवारी १९४५ रोजी डॉर्नकलमध्येच त्यांचे निधन झाले. दक्षिणेतले वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एक व्हावेत म्हणून ते पंचवीस वर्षे झटले होते. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासमध्ये चर्च ऑफ साऊथ इंडिया स्थापन झाले, ते बघायला ते राहिले नाहीत. डॉर्नकलचा धर्मप्रांत मात्र आजही त्या चर्चमध्ये आहे आणि त्याचा कारभार तिथलीच माणसे बघतात.

सरपंच, ग्रामसेवक आणि सोसायटीचे संचालक यांनी यातून एवढे जरूर घ्यावे. गावात नवे काही सुरू करताना निधी किती आला हे आपण लगेच विचारतो. त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी विचारा. हे काम चालवायला गावातला कोण माणूस तयार होतोय? आणि त्यात गावाची स्वतःची मूठ किती? दोन्हींची उत्तरे इतिवृत्तात लिहून ठेवा आणि पाच वर्षांनी काढून वाचा.