ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर

बोईसर स्टेशनावर उतरून समुद्राच्या दिशेने गेले म्हणजे तारापूर लागते. समजा, या गावाची माहिती एखाद्या प्रचंड ग्रंथात नोंदवावयाची आहे. ती कोणत्या सदराखाली नोंदवावी? किल्ल्यांच्या सदरात म्हणावे, तर १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांपासून जिंकलेला किल्ला तेथे आहे. विज्ञानाच्या सदरात म्हणावे, तर १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र याच गावाच्या नावाने जगास ठाऊक आहे. जिल्ह्याच्या सदरात म्हणावे, तर पिढ्यान्‌पिढ्या ठाणे जिल्ह्यात मोडणारे हे गाव १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आले! असल्या असंख्य नोंदींचा भार ज्या पुरुषाने आपण होऊन शिरावर घेतला, त्याचे हे अल्प चरित्र होय.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. अमरावतीस शालेय शिक्षण व मुंबईस विल्सन कॉलेजात अध्ययन झाल्यावर ते १९०६ साली अमेरिकेस गेले, आणि १९११ साली कॉर्नेल विश्वविद्यालयाची डॉक्टर ही पदवी संपादून पुढील वर्षी स्वदेशी परतले. एवढ्या विद्येवर मोठ्या पगाराची जागा पाहून स्वस्थ बसणे कोणासही सुचले असते. केतकरांनी मात्र मराठीत ज्ञानकोश रचण्याचा संकल्प सोडला. द्रव्य नव्हते, म्हणून लोकांकडून भांडवल उभारून मंडळी स्थापिली व वर्गणीदार जमविले. यशवंतराव दाते व चिंतामणराव कर्वे यांच्यासारखे साहाय्यक त्यांस लाभले. जर्मन पत्नी शीलवतीबाई, पूर्वीच्या एडिथ कोह्न, यांनी त्यांच्या ओढगस्तीच्या संसारास शेवटपर्यंत साथ दिली.

आता मांडणीचा प्रश्न. तेवीस खंडांपैकी पहिले पाच केतकरांनी विषयवार लिहिले. वेदविद्या, बुद्धपूर्व जग, विज्ञानेतिहास अशी त्यांची योजना. यात एका गोष्टीतून दुसरी कशी निघाली हे वाचकास सलग दिसते; पण एखादीच बारीक गोष्ट हवी असणारा त्या अरण्यात वाट चुकतो. म्हणून सहाव्या खंडापासून एकविसाव्यापर्यंत अकारविल्हे नोंदी दिल्या. येथे शब्द तत्काळ सापडतो, परंतु नाते तुटते; किल्ला एका खंडात, पोर्तुगीज दुसऱ्यात. यावर उपाय म्हणून बाविसावा खंड केवळ सूचीचा! नुसती सूची करण्यासाठी आख्खा खंड खर्ची घालणे व्यवहारी माणसास वेडेपणाचे वाटेल. आम्हांस तर तोच सर्व खंडांत थोर वाटतो.

हाच वाद पुढे संगणकाच्या माहितीसंग्रहात, म्हणजे डेटाबेसमध्ये, नव्याने उपस्थित झाला. १९६० नंतरच्या दशकात एक पद्धती वृक्षासारखी होती: जिल्ह्याखाली तालुका, तालुक्याखाली गाव, आणि प्रत्येकास वरचा धनी एकच. दुसरी जाळ्यासारखी, तीत एक नोंद अनेकांशी जोडता येई, परंतु कोणत्या धाग्याने कोठे जावयाचे हे कार्यक्रम लिहिणाऱ्यास आधीच ठाऊक असावे लागे. १९७० साली एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने तिसरी सुचविली. गावांचा तक्ता निराळा, किल्ल्यांचा निराळा, तालुक्यांचा निराळा. दोहोंत गावाचे नाव समान असले की ते जुळविता येतात. तालुक्यापुढील जिल्ह्याचे नाव एकदा बदलले की त्यातील सर्व गावांचा जिल्हा बदलला. तरीही जुन्या पद्धती टाकाऊ ठरल्या नाहीत. ठरलेल्या एकाच वाटेने वारंवार जावयाचे असेल, तर वृक्ष अद्यापि वेगवान ठरतो.

केतकरांस ही सोय कोठून असणार? एकदा छापलेले पान पुन्हा हलविता येत नसे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कोश निघाला, कीर्ती मिळाली, १९३१ साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही मिळाले; पैसा मात्र मिळाला नाही. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यास विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. पुढे यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने त्यांचा ज्ञानकोश संगणकावर आणला.