अंटार्क्टिकात एकटा: रिचर्ड बर्ड आणि आठवड्यातून तीनदा लागणारा रेडिओ



वॉकी-टॉकी कोणता घ्यायचा, रेंज किती, बॅटरी किती तास, यावर मी लिहिणारच आहे. पण त्याआधी एका माणसाची गोष्ट सांगतो. ती वाचेपर्यंत माझी एक चूक मला नीट कळलीच नव्हती.

काही वर्षांपूर्वी आम्ही हरिश्चंद्रगडावर दोन गटांत निघालो. एक गट नळीच्या वाटेने, दुसरा पाचनईकडून. मी पाचनईच्या गटात होतो. दोन्ही गटांकडे वॉकी-टॉकी, बॅटरी फुल. आम्ही आधी वर पोचलो आणि हाका मारायला लागलो. उत्तर नाही. एक तर मधे अख्खा डोंगर. त्यात बॅटरी वाचवायला त्यांनी सेट बंद ठेवलेला. त्यांनी लावला, तेव्हा आम्ही कंटाळून आमचा बंद केला होता. असे तीन तास गेले. अंधार पडता पडता सगळे धडधाकट वर आले. पण ते तीन तास मला काही ठरवता येईना. काळजी करायची की थांबायचं? खाली गावात माणूस पाठवायचा की नाही?

सेट चांगले होते. कधी बोलायचं, हे मात्र आम्ही ठरवलंच नव्हतं.

कोण होते हे बर्ड?

रिचर्ड एव्हलिन बर्ड यांचा जन्म 25 ऑक्टोबर 1888 रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या विंचेस्टर गावी झाला. 1912 मध्ये ते नौदल अकादमीतून बाहेर पडले. पायाच्या दुखापतीमुळे जहाजावरची नोकरी जमेना, म्हणून पहिल्या महायुद्धात विमान चालवायला शिकले. 1926 मध्ये फ्लॉइड बेनेट यांच्यासोबत उत्तर ध्रुवावरून उड्डाण केल्याचा दावा त्यांनी केला. तो खरा की नाही, यावर आजही वाद आहे. मात्र 28-29 नोव्हेंबर 1929 ला त्यांचं विमान दक्षिण ध्रुवावरून जाऊन आलं, याबद्दल कुणाला शंका नाही. दक्षिण ध्रुवावरचं ते पहिलं विमान.

बर्ड यांच्या मोहिमांमध्ये वायरलेसला मानाची जागा होती. त्यांच्या आधीचे बरेच शोधक एकदा बर्फात शिरले की महिनोन्महिने जगासाठी गायब असत. बर्ड यांच्या तळावर मात्र रेडिओचं स्वतंत्र पथक होतं. 1933 ते 1935 या दुसऱ्या मोहिमेत तर लिटल अमेरिका या तळावरून अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी दर आठवड्याला कार्यक्रम प्रसारित व्हायचा.

बर्फाखालची खोली

याच मोहिमेत बर्ड यांनी एक धाडस केलं. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापासून आत, रॉस हिमपट्ट्यावर हिवाळाभर हवामानाची नोंद तोवर कुणी ठेवली नव्हती. लिटल अमेरिकेपासून 123 मैल, म्हणजे जवळपास 200 किलोमीटर दक्षिणेला एक छोटी लाकडी खोली बर्फात पुरायची आणि तिथे हिवाळा काढायचा, असं ठरलं. बेत तीन माणसांचा होता. पण तेवढं सामान वेळेत पोचेना. दोघं राहिले, तर महिनोन्महिन्यांच्या अंधारात एकमेकांच्या जिवावर उठतील, असं बर्ड यांना वाटलं. म्हणून ते एकटेच राहिले. 28 मार्च 1934 ला शेवटचे सोबती परत निघाले.

तापमान उणे 50 अंश सेल्सिअसच्याही खाली जायचं. सूर्य कित्येक महिने उगवणार नव्हता. माणसाशी संबंध एकच, रेडिओ.

रेडिओची व्यवस्था कशी होती?

इथे थोडं तंत्र समजून घेऊ. ठरलेल्या वेळी बोलण्याला रेडिओवाले स्केड म्हणतात, शेड्यूलचं छोटं रूप. बर्ड यांचा स्केड मंगळवार, गुरुवार आणि रविवार, सकाळी 10 वाजता. लिटल अमेरिकेकडे मोठा ट्रान्समीटर होता, त्यामुळे तिकडची माणसं चक्क बोलायची आणि बर्ड यांना आवाज ऐकू यायचा. बर्ड यांच्याकडचा ट्रान्समीटर लहान. त्यावरून ते मोर्सने, म्हणजे कळ दाबून टिंब आणि रेघेच्या भाषेत उत्तर द्यायचे.

मोर्स का? आवाज पाठवायचा तर ट्रान्समीटरची शक्ती जास्त रुंद पट्ट्यात पसरते. मोर्सला अगदी अरुंद पट्टा पुरतो, म्हणून कमी शक्तीतही संदेश खरखरीतून वर उठून येतो. आजही हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, लहान सेटवर मोर्स वापरतात ते यासाठीच.

फक्त एक अडचण होती. बर्ड यांना मोर्सचा सराव नव्हता. हळू, अडखळत, चुका करत ते पाठवायचे. तिकडचे ऑपरेटर शांतपणे उतरवून घ्यायचे. आठवड्यातून तीन वेळा, महिनोन्महिने. हळूहळू बर्ड यांच्या हाताची ढब तिकडे सगळ्यांना पाठ झाली.

31 मे 1934

ट्रान्समीटरला वीज पुरवणारं पेट्रोलचं छोटं इंजिन खोलीबाहेर, बर्फात खणलेल्या बोगद्यात होतं. 31 मेच्या स्केडला बोलणं लांबलं. इंजिन अडखळल्यासारखं वाटलं म्हणून बर्ड बघायला गेले आणि तिथेच कोसळले. हवा बाहेर जायची वाट बर्फाने बुजली होती आणि बोगदा कार्बन मोनॉक्साइडने भरला होता.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातला हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा याला दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतो. माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. शुद्धीवर येऊन बर्ड कसेबसे परत आले आणि त्यांनी संभाषण संपवल्याची खूण पाठवली. इतक्या अवस्थेतही आधी स्केड नीट बंद केला, कारण अर्धवट तुटला असता तर तिकडे गोंधळ उडाला असता.

पुढे लक्षात आलं की खोलीतली शेगडीही गळत होती. म्हणजे शेगडी लावली तर विष, बंद केली तर थंडी. आणि ज्या रेडिओवर मदत मागायची, तो चालू करायचा तर पुन्हा ते इंजिन सुरू करायला हवं.

मदत मागितली नाही

बर्ड यांनी मदत मागितली नाही. हिवाळ्याच्या अंधारात, भेगाळलेल्या बर्फावरून 200 किलोमीटर येणारी माणसं मरू शकतील, हे त्यांना माहीत होतं. कुणी यायचं नाही, असं त्यांनीच आधी बजावून ठेवलं होतं. आठवडेच्या आठवडे अन्न पोटात ठरत नव्हतं, उभं राहवत नव्हतं, तरी सगळं ठीक असल्यासारखेच संदेश जात राहिले.

पण तिकडे संशय आलाच. कधी स्केड चुकायचा, कधी मोर्स नेहमीपेक्षा जास्त विस्कटलेला यायचा, शब्द अर्धे तुटायचे. जुलैमध्ये इंजिन बिघडलं आणि बर्ड हाताने फिरवायच्या जनरेटरवर आले. आजारी माणसाने एका हाताने दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने कळ दाबायची, म्हणजे काय होत असेल बघा! मजकुरातून जे लपवलं होतं, ते त्या विस्कटलेल्या टिंब-रेघांतून बाहेर पडत होतं. ठरलेल्या वेळी इतके दिवस ऐकलं होतं, म्हणून फरक ऐकू आला.

मोहिमेतले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी, भौतिकशास्त्रज्ञ थॉमस पोल्टर यांनी एक युक्ती केली. उल्कांच्या निरीक्षणासाठी दक्षिणेकडे प्रवास करायचा आहे, असं कारण पुढे केलं. कारण खोटं नव्हतं, उल्कांची नोंद हे त्यांचं कामच होतं. बर्ड यांनाही नाही म्हणता आलं नाही. दोन प्रयत्न अर्ध्यातून परत फिरले. वाट दाखवायला बर्ड पेट्रोल पेटवत होते, पतंगाच्या शेपटीला जाळ लावून तो उडवत होते. तिसऱ्या प्रयत्नात, 10 ऑगस्ट 1934 ला पोल्टर, पीट डिमास आणि रेडिओवाले ॲमरी वेट असे तिघे ट्रॅक्टरने पोचले.

बर्ड इतके खंगले होते की त्यांना लगेच हलवता येईना. चौघं त्या इवल्याशा खोलीत दोन महिने राहिले. 14 ऑक्टोबरला विमानाने बर्ड परत आले. हे सगळं त्यांनी 1938 च्या ‘अलोन’ या पुस्तकात मोकळेपणाने लिहिलं. पुढेही ते अंटार्क्टिकाला जात राहिले. 11 मार्च 1957 रोजी त्यांचं निधन झालं.

मी काय बदललं?

बर्ड यांनी आजार लपवला हे बरोबर की चूक, यावर माझं मत अजून पक्कं होत नाही. पोल्टर यांच्या जागी मी असतो, तर आदेश मोडायचं धाडस झालं असतं का, हेही सांगता येत नाही. पण आमच्या ट्रेकचे नियम त्यानंतर बदलले:

- दर तासाला ठरलेल्या मिनिटाला सेट लावायचा. पाच मिनिटं ऐकायचं, मग बंद. बॅटरीही वाचते.
- बोलण्यासारखं काही नसलं तरी बोलायचं. कुठे आहोत, किती जण आहोत, तब्येत कशी आहे.
- लागोपाठ दोन स्केड चुकले तर काय करायचं, हे निघण्याआधी ठरवायचं. डोंगरावर वाद घालत बसायचं नाही.
- संभाषण संपलं की संपलं असं सांगायचं, म्हणजे तुटलं की संपलं हा प्रश्न उरत नाही.
- बंद तंबूत स्टोव्ह किंवा कोळसा पेटवायचा नाही. थंडी कितीही असो.
- सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय भारतात वापरता येत नाही. कुणी परदेशातून आणून दिला तरी सोबत घ्यायचा नाही.

मागच्या डिसेंबरात पुन्हा दोन गट केले. दुपारी तीनच्या स्केडला समोरून आमचा मित्र बोलला. सगळं ठीक आहे म्हणाला, पण वाक्य अर्ध्यात थांबवून श्वास घेत होता. एरवी तो बडबड्या. आम्ही तिथेच थांबलो, पाणी आणि साखर घेऊन दोघांना खाली पाठवलं. त्याला चक्कर येत होती आणि तो कुणाला सांगत नव्हता.