कर्मवीर अण्णांचा अपरिग्रही संसार

श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रह-परिमाण हे आचरणास अतिशय कठीण व्रत होय. साधू सर्वस्वाचा त्याग करतो. गृहस्थाने मात्र घर, सोने, धान्य यांना आपणहून मर्यादा घालावयाची असते. कर्मवीर भाऊराव पाटील व त्यांच्या धर्मपत्नी सौ. लक्ष्मीबाई यांनी हे व्रत संसारात राहूनच आचरून दाखविले.

भाऊरावांचा जन्म दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे आजोळी झाला. त्यांचे घराणे ऐतवडे बुद्रुकचे. ओगले व किर्लोस्कर या नामांकित कारखान्यांच्या मालाचे विक्रेते म्हणून त्यांनी लौकिक मिळविला. मनात आणले असते तर स्वतःचे प्रशस्त घर बांधून सुखाने राहणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढून आपला संसार त्या मुलांच्या संसारात मिळवून टाकला.

खरी कसोटी लागली ती लक्ष्मीबाईंची. त्या सोवळेओवळे कटाक्षाने पाळणाऱ्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांना आपल्या घरच्या पंगतीत बसविणे हा त्यांच्या संस्कारांना मोठाच धक्का होता. तथापि उपाशी लेकराची भूक त्यांना सोवळ्याहून मोठी वाटली. सारी मुले त्यांना वहिनी म्हणू लागली. धान्यासाठी एकेक दागिना घराबाहेर गेला. एकदा भाऊराव निधीसाठी परगावी असता कोठीतील धान्य संपले, तेव्हा या माउलीने गळ्यातील मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी काढून दिले.

दि. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. १९३० साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. संस्थेचा पुढील विस्तार, १९४७ साली साताऱ्यास निघालेले छत्रपती शिवाजी महाविद्यालय, यांपैकी काहीच त्यांना पाहावयास मिळाले नाही. १९५९ साली भाऊरावांना पद्मभूषण हा सन्मान लाभला व त्याच वर्षी, ९ मे रोजी, त्यांनी देह ठेवला.

दानशूरांच्या नामावलीत रकमेचा आकडा लिहिता येतो. स्वतःचे घर लहान करून दिलेल्या जागेचा आकडा कोणत्याही वहीत मांडता येत नाही. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी, आपले सुवर्ण उतरवून परक्या लेकरांना जेवू घालणाऱ्या त्या माउलीचे व कर्मवीर अण्णांचे स्मरण करणे उचित होय. त्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन!